‘लई कावलोय’ हे इंग्रजीत कसे सांगावे: तक्रारीच्या आणि वैतागाच्या शब्दांचे सविस्तर मार्गदर्शन

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी काही वर्षे निर्यात विभागाचा पत्रव्यवहार पाहत असे. एकदा इंग्लंडमधल्या ग्राहकाचा ईमेल आला आणि त्यातले पहिलेच वाक्य ‘वुई आर नॉट एन्टायर्ली हॅपी विथ द लास्ट लॉट’ असे होते. आमच्या सुपरवायझरांनी ते वाचून समाधानाने मान डोलावली. ‘एन्टायर्ली’ म्हणजे पूर्णपणे, तेव्हा गडी पूर्ण खूश नसला तरी बराचसा खूश आहे, असा त्यांचा हिशेब होता. मी त्या वेळी नवा होतो आणि मलाही तो हिशेब पटला. पुढच्या लॉटमध्येही तेच ब्लो होल, म्हणजे वायू अडकून ओतीव मालात राहिलेली भोके, गेले आणि त्यानंतर आलेल्या ईमेलमध्ये ‘अनॲक्सेप्टेबल’ हा शब्द दोनदा होता. पहिल्या वाक्यातच तो माणूस चांगला खवळलेला होता, हे आम्हाला एक अख्खा लॉट परत आल्यावर कळले.

तक्रारीच्या आणि रागाच्या शब्दांचा अर्थ शब्दकोशात मिळतो, पण त्यांचे वजन मिळत नाही. पुढे शाहूपुरीत संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेताना माझ्या लक्षात आले की आपल्या मुलांची अडचण शब्दसंग्रहाची फारशी नसते. ‘अँग्री’ आणि ‘कम्प्लेंट’ हे शब्द सगळ्यांना येतात, पण ते दोनच शब्द घेऊन ती बसच्या उशिरापासून अपघातापर्यंत सगळे निभावून नेतात. म्हणून पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने वर्गात उपयोगी पडल्या, त्याच क्रमाने देत आहे.

पहिली पायरी: शब्द आधी मराठीत ठरवा

इंग्रजी शब्द शोधण्यापूर्वी आपल्याला मराठीत नेमके काय म्हणायचे आहे ते ठरवावे, कारण या बाबतीत मराठी अजिबात गरीब नाही. तक्रार, गाऱ्हाणे, कुरकुर, पिरपिर, भुणभुण, कटकट, रडगाणे, चुगली, त्रागा, धुसफूस असे कितीतरी शब्द आपण दिवसभर वापरतो आणि एकाच्या जागी दुसरा कधीही घालत नाही. ‘तक्रार’ हा मूळचा अरबी शब्द असून त्याचा तिथला अर्थ ‘पुन्हा पुन्हा होणे’ असा आहे. हिंदी-उर्दूत तो भांडणाच्या अर्थाने रुळला आणि मराठीत मात्र त्याला अर्जाचे, शिक्क्याचे आणि आवक क्रमांकाचे रूप आले.

शब्द ठरवताना स्वतःला एक प्रश्न विचारावा: हा शब्द माणूस स्वतःबद्दल वापरील का? ‘माझे गाऱ्हाणे ऐका’ असे कोणीही म्हणेल. ‘साहेब, माझी पिरपिर ऐका’ असे कोणी म्हणणार नाही, कारण ‘पिरपिर’ या शब्दातच ऐकणाऱ्याचा कंटाळा भरलेला आहे. इंग्रजीतही अगदी हीच विभागणी आहे. काही शब्द तक्रार करणाऱ्याच्या बाजूचे असतात, काही तटस्थ असतात आणि बाकीचे, म्हणजे बहुतेक सगळे, तक्रार करणाऱ्याला नावे ठेवणारे असतात. कोणता शब्द कोणाच्या बाजूचा आहे, हे ओळखता आले की निम्मे काम झाले.

दुसरी पायरी: ‘कम्प्लेन’ हा शब्द पक्का करा

सगळ्यांत तटस्थ शब्द ‘कम्प्लेन’ हा होय. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले ‘प्लांगेरे’ हे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ शोक करताना छाती बडवणे असा होतो. आपल्याकडे ‘ऊर बडवून घेणे’ म्हणतात तेच हे. आज मात्र या शब्दात ऊर राहिलेला नाही, फक्त अर्ज राहिलेला आहे.

इथे पहिली चूक शेवटच्या ‘ट’ची होते. ‘कम्प्लेन’ हे क्रियापद आहे आणि ‘कम्प्लेंट’ हे नाम आहे. मराठी बोलण्यात आपण ‘कम्प्लेंट केली’, ‘कम्प्लेंट दिली’ असे म्हणतो आणि तीच सवय इंग्रजीत नेऊन ‘आय गेव्ह अ कम्प्लेन’ असे लिहितो. इंग्रजीत कम्प्लेंट ‘मेक’ करतात. ती कार्यालयात लेखी नोंदवायची असेल तर ‘लॉज’ किंवा ‘फाइल’ करतात.

दुसरी चूक अधिक खोल आहे आणि ती आपल्या षष्ठी विभक्तीतून येते. ‘ती माझी तक्रार करते’ या मराठी वाक्यात तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याला आपण ‘माझी’ असे जोडतो. शाळेतली मुले त्याचे ‘शी इज कम्प्लेनिंग मी’ असे करतात आणि ‘मी तुझी कम्प्लेंट करीन’ याचे ‘आय विल कम्प्लेन यू’. इंग्रजीत ‘कम्प्लेन’ला असे थेट कर्म चालत नाही. ज्याच्याकडे तक्रार करायची त्याच्या आधी ‘टू’ येतो आणि ज्याबद्दल करायची त्याच्या आधी ‘अबाउट’ येतो. पाणी न आल्याची तक्रार वॉर्ड ऑफिसात केली असेल, तर ‘आय कम्प्लेन्ड टू द वॉर्ड ऑफिस अबाउट द वॉटर सप्लाय’ हे वाक्य बरोबर होय. एखाद्या माणसाविरुद्ध रीतसर तक्रार असेल, तर ‘कम्प्लेंट अगेन्स्ट’ हे नाम वापरावे. आणि वर्गातल्या मुलीने बाईंकडे जाऊन नाव सांगितले, ही जर चुगलीच असेल, तर त्यासाठी इंग्रजीत ‘टेल ऑन’ हा वेगळा आणि अचूक शब्दप्रयोग आहे: ‘शी टोल्ड ऑन मी’.

‘कम्प्लेन ऑफ’ हे तिसरेच प्रकरण आहे. तो मुख्यतः दुखण्यासाठी वापरतात. दवाखान्यातल्या केसपेपरवर डॉक्टर ‘सी/ओ’ असे लिहितात ते ‘कम्प्लेन्स ऑफ’चे लघुरूप असते, पत्त्यावरच्या ‘केअर ऑफ’चे नव्हे, माझ्या एका विद्यार्थ्याला बरेच दिवस वाटत होते की त्याच्या आजोबांचे नाव ‘हेडेक’ नावाच्या गृहस्थाच्या पत्त्यावर नोंदवले आहे.

‘ग्रीव्हन्स’ हा ‘कम्प्लेंट’चा थोरला भाऊ आहे. कम्प्लेंट एका घटनेची असते, तर ग्रीव्हन्स म्हणजे बराच काळ साचलेली, अन्याय झाल्याची रास्त भावना. लॅटिनमध्ये ‘ग्राविस’ म्हणजे जड आणि ते वजन या शब्दात अजून टिकून आहे. रस्त्यावरचा दिवा बंद आहे, ही कम्प्लेंट झाली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात व्हावे म्हणून कित्येक दशके जी मागणी लावून धरली, तिच्यामागे ग्रीव्हन्स होती. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथे सर्किट बेंचचे काम सुरू झाले, तेव्हा ती बरीचशी निवली. जिल्हाधिकारी कार्यालयापासून बँकेपर्यंत सगळीकडे ‘तक्रार निवारण’ याला ‘ग्रीव्हन्स रिड्रेसल’ म्हणतात, तेही याच कारणाने.

कायद्याच्या भाषेत ‘कम्प्लेंट’ला आणखी एक काटेकोर अर्थ आहे. पोलीस ठाण्यात जाऊन आपण जे सांगतो त्याला बोलण्यात कम्प्लेंट म्हटले जाते, पण १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ‘कम्प्लेंट’ म्हणजे कारवाई व्हावी म्हणून दंडाधिकाऱ्यांपुढे तोंडी किंवा लेखी केलेला आरोप. पोलिसांचा अहवाल त्या व्याख्येत येत नाही. इंग्रजीत अर्ज करताना हा फरक ध्यानात असावा. रोजच्या बोलण्यात त्याचे ओझे घेण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी: कुरकुरीची कुळी ओळखा

आता नावे ठेवणारे शब्द. या पायरीवर थोडे रेंगाळणे योग्य ठरेल, कारण खरी गंमत इथेच आहे आणि खऱ्या चुकाही इथेच होतात.

‘ग्रम्बल’ म्हणजे कुरकुर: तोंडातल्या तोंडात, खालच्या आवाजात आणि बहुधा काम करता करता. लांबचे ढग गडगडतात किंवा भुकेने पोट गुरगुरते तेव्हाही इंग्रजीत ‘ग्रम्बल’च म्हणतात, म्हणून हा शब्द जाडसर आवाजाचा आहे. त्याच्या उलट ‘व्हाइन’ हा बारीक, ताणलेल्या, नाकातल्या आवाजाचा शब्द आहे. जुन्या इंग्रजीत तो बाणाच्या सूं अशा आवाजासाठी वापरत असत. आज तो हट्टाला पेटलेल्या पोरासाठी किंवा दाराबाहेर कोंडलेल्या कुत्र्यासाठी वापरतात. आपली पिरपिर ती हीच. त्याचा उच्चार बहुतेक ठिकाणी द्राक्षाच्या वाइनसारखाच होतो, त्यामुळे ‘माझा भाऊ रोज संध्याकाळी व्हाइन करतो’ असे इंग्रजीत सांगणाऱ्या मुलीकडे वर्गातल्या सगळ्यांनी वळून पाहिले होते.

‘व्हिंज’ हे ‘व्हाइन’चेच उत्तरेकडचे भावंड असून ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात ते फार ऐकू येते. ऑस्ट्रेलियन लोक इंग्रजांना ‘व्हिंजिंग पॉम्स’ म्हणजे सदा रडगाणे गाणारे म्हणून चिडवतात. ॲशेस मालिकेच्या बातम्या वाचणाऱ्यांना हा शब्द नवा नसेल. अमेरिकेत हा शब्द क्वचितच भेटतो. तिथे यिडिश भाषेतून आलेला ‘क्वेच’ हा शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ दाबणे, पिळणे असा आहे. ‘काय पीळ मारतोयस’ असे आपण म्हणतो, तेव्हा आपण कळत नकळत त्याच चित्राजवळ असतो.

‘मोन’ म्हणजे मुळात कण्हणे. ब्रिटिश बोलण्यात तो कुरकुरीचा अगदी घरगुती शब्द झाला आहे आणि तो मित्रांबरोबर स्वतःविषयीही वापरता येतो: आठवडाभराच्या कटकटी सांगायला दोन मित्र चहाच्या टपरीवर बसले, तर त्याला ‘हॅव अ मोन’ म्हणावे. ‘ग्राइप’ हा शब्द मात्र प्रत्येक मराठी घराने बाळाच्या बाटलीवर वाचलेला आहे. ग्राइप म्हणजे पोटात येणारी कळ. ग्राइप वॉटर त्यासाठीच असते. बारीकशी पण सतत टोचणारी तक्रार या अर्थानेही तोच शब्द वापरतात. ‘माय ओन्ली ग्राइप इज द पार्किंग’ असे कोणी हॉटेलबद्दल म्हटले, तर बाकी सगळे झकास होते असे समजावे.

‘नॅग’ हा स्कँडिनेव्हियन मुळाचा शब्द असून त्याचा मूळ अर्थ कुरतडणे असा आहे. ‘डोकं खाऊ नकोस’ या आपल्या वाक्यात हेच कुरतडणे आहे. एकच गोष्ट करून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा मागे लागणे म्हणजे नॅग करणे. हा शब्द बायकोसाठी किंवा आईसाठी वापरण्याची खोड इंग्रजीत जुनी आहे आणि आज ती असभ्य समजली जाते, म्हणून माणसांच्या बाबतीत तो जपून वापरावा. ‘नॅगिंग पेन’ म्हणजे ठसठसत राहणारे दुखणे, हा वापर मात्र निर्धोक आहे.

‘निटपिक’ समजावून सांगायला मला कधीही वेळ लागला नाही. निट म्हणजे लीख. दुपारी ओसरीवर पोरीचे डोके मांडीवर घेऊन, एक एक लीख नखावर ओढून काढणारी आजी ज्याने पाहिली आहे, त्याला क्षुल्लक चुका वेचून काढणे याला ‘निटपिकिंग’ का म्हणतात ते लगेच कळते. ‘कार्प’ या क्रियापदाचाही अर्थ जवळपास हाच आहे, फक्त त्यात खवचटपणा जास्त आहे. कार्प जातीच्या माशांशी त्याचा काही संबंध नाही.

‘रँट’ म्हणजे तावातावाने, लांबलचक आणि बहुधा एकट्यानेच बोलत सुटणे. याच्या जवळचा पण सहानुभूतीचा शब्द ‘व्हेंट’ हा आहे आणि तो कोल्हापूरकरांनी तरी विसरू नये. साच्याच्या वाळूत तारेने बारीक भोके पाडतात त्यांना फौंड्रीत ‘व्हेंट’च म्हणतात. वितळलेले लोखंड ओतल्यावर निघणारा वायू त्या भोकांतून बाहेर पडला नाही तर तो धातूत अडकतो आणि ब्लो होल होतो. माणसाच्या बाबतीतही ‘व्हेंट’ करणे म्हणजे आतली वाफ बाहेर जाऊ देणे. त्यातून काही निष्पन्न व्हावे अशी अपेक्षा नसते. ‘आय जस्ट नीड टू व्हेंट’ असे कोणी म्हणाले, तर त्याला उपाय सुचवू नये, नुसते ऐकून घ्यावे. साच्याच्या या उदाहरणानंतर माझ्या वर्गातल्या मोल्डर मुलांनी हा शब्द पुन्हा कधी चुकवला नाही.

या सगळ्यांतून एकच व्यवहार लक्षात ठेवावा. अर्जात किंवा ईमेलमध्ये स्वतःच्या म्हणण्यासाठी ‘कम्प्लेंट’, ‘ग्रीव्हन्स’ किंवा त्याहून सौम्य असा ‘कन्सर्न’ हा शब्द घ्यावा. ‘व्हाइन’, ‘व्हिंज’, ‘नॅग’ आणि ‘निटपिक’ हे शब्द दुसऱ्याच्या तोंडावर वापरले तर भांडण होते. स्वतःबद्दल हसत हसत वापरले तर उलट समोरचा सैलावतो: ‘सॉरी टू निटपिक, पण दुसऱ्या पानावरची तारीख चुकली आहे’ असे इंग्रजीत लिहिले की चूकही दाखवली जाते आणि कोणाला लागतही नाही.

चौथी पायरी: रागाचे वाक्य उलटे करा

मराठीत राग माणसाकडे येतो. ‘मला राग आला’, ‘मला वैताग आलाय’, ‘मला कंटाळा आला’ या सगळ्या वाक्यांत राग, वैताग आणि कंटाळा हे कर्ते आहेत आणि आपण नुसते ‘मला’ म्हणून बाजूला उभे आहोत. इंग्रजीत माणूस स्वतः पुढे येतो: ‘आय ॲम ॲनॉइड’. नाहीतर ज्याने चीड आणली ती गोष्ट पुढे येते: ‘द नॉइज ॲनॉइज मी’. गंमत अशी की ‘ॲनॉय’च्या मुळाशी लॅटिनमधली जी शब्दरचना सांगतात, तिचा अर्थ ‘मला ते तिटकाऱ्याचे आहे’ असा होतो. म्हणजे तिथे आपल्यासारखे ‘मला’च होते. पुढे इंग्रजीने ते टाकून दिले.

अलीकडे आपण ‘मला इरिटेट होतंय’ असे म्हणायला लागलो आणि त्यामुळे गोंधळ वाढला. या मराठी वाक्यात ‘इरिटेट’ हे रूप काळ-वेळ काही न दाखवता तसेच राहते, म्हणून मुले इंग्रजीत ‘आय ॲम गेटिंग इरिटेट’ असे लिहितात. ते सुधारायला गेले की ‘आय ॲम इरिटेटिंग’ असे होते आणि त्याचा अर्थ ‘मी फार कटकट्या माणूस आहे’ असा होतो. मुलाखतीत ‘आय ॲम बोअरिंग इन माय प्रेझेंट जॉब’ असे सांगणारा उमेदवार मी समोर बसून ऐकलेला आहे.

यावर व्याकरणाचे नियम पाठ करण्यापेक्षा मराठीतले दोन प्रत्यय पुरतात. जिथे मराठीत ‘-लेला’ बसतो तिथे इंग्रजीत ‘-ड’चे रूप घ्यावे आणि जिथे ‘-णारा’ बसतो तिथे ‘-इंग’चे. वैतागलेला माणूस ‘इरिटेटेड’, वैताग आणणारा आवाज ‘इरिटेटिंग’. चिडलेला ‘ॲनॉइड’, चीड आणणारा ‘ॲनॉइंग’. दमलेला ‘टायर्ड’, दमवणारा ‘टायरिंग’. वाक्य लिहिण्यापूर्वी मनात ‘मी वैतागलेला की वैताग आणणारा?’ असे एकदा विचारले की चूक होत नाही. आठवडाभर रोज पाच वाक्ये या पद्धतीने लिहून पाहावीत. माझ्या अनुभवात तेवढ्यात हात बसतो.

विभक्तीचा आणखी एक अडथळा आहे. आपण माणसा‘वर’ चिडतो, म्हणून ‘अँग्री ऑन हिम’ असे सुचते. इंग्रजीत माणसासाठी ‘विथ’ चालतो आणि घटनेसाठी ‘ॲट’ किंवा ‘अबाउट’: ‘ॲनॉइड विथ द ड्रायव्हर’, पण ‘ॲनॉइड अबाउट द डिले’. ‘फेड अप’नंतर ‘विथ’ घ्यावा. ‘फेड अप ऑफ’ बोलण्यात ऐकू येते, लेखनात टाळावे.

पाचवी पायरी: रागाची चढण पायरीपायरीने चढा

आपल्या बोलीत राग चढत जातो, त्याचे टप्पे ठरलेले आहेत. आधी माणूस नाराज होतो, मग चिडतो, मग कावतो, मग खवळतो. इंग्रजी शब्दही याच चढणीवर मांडून ठेवावेत.

तळाशी ‘मिफ्ड’ आणि ‘पुट आउट’ आहेत: लग्नपत्रिकेत काकांचे नाव चुकून खाली छापले गेले की ते ‘मिफ्ड’ होतात. बोलत नाहीत, पण जेवायला उशिरा येतात. ‘क्रॉस’ हा ब्रिटिश घरांतला शब्द असून तो मुख्यतः मुलांना रागावताना वापरतात. त्यावर ‘ॲनॉइड’ म्हणजे चिडलेला. ‘इरिटेटेड’ त्याच उंचीवरचा, पण त्यात काहीतरी सतत टोचत राहण्याचा भाव जास्त आहे. ‘फ्रस्ट्रेटेड’ हा शब्द आपण सरसकट वापरतो आणि तो बहुतेक वेळा चुकतो. आपण धडपड करतो आहोत आणि कोणीतरी किंवा काहीतरी आडवे येते आहे, अशा वेळीच तो बसतो.

‘एक्झॅस्परेटेड’ याला माझ्या मते मराठीत एकच प्रतिशब्द आहे, तो म्हणजे ‘हात टेकले’. लॅटिनमध्ये ‘आस्पर’ म्हणजे खरखरीत. वारंवार घासून घासून माणूस खरखरीत झाला, की तो एक्झॅस्परेटेड. ‘फेड अप’ म्हणजे नको इतके खाऊ घातलेला, अजीर्ण झालेला, आणि आपले ‘लई कावलोय’ याला याहून जवळचा शब्द मला तरी सापडलेला नाही. ‘इंडिग्नंट’मध्ये अन्यायाची चीड असते, आपल्यावर चोरीचा खोटा आळ आला तर माणूस इंडिग्नंट होतो, बस चुकली म्हणून होत नाही.

‘फ्युरिअस’ म्हणजे खवळलेला. ‘सीदिंग’ म्हणजे आतून उकळणारा, बाहेरून गप्प. ‘सीद’चा जुना अर्थ उकळणे हाच आहे आणि गुऱ्हाळावर काहिलीतला रस कडेला शांत दिसत असताना मध्ये कसा खदखदतो, ते पाहिलेल्याला हा शब्द लगेच कळतो. सगळ्यांत वर ‘लिव्हिड’. अनेकांना त्यात लालबुंद चेहरा दिसतो, पण मुळात तो शिशासारख्या निळसर रंगाचा शब्द आहे आणि मराठीने तो रंग बरोबर पकडला आहे: रागाने काळानिळा झाला.

देश बदलला की काही शब्दांचा अर्थ फिरतो. अमेरिकेत ‘मॅड’ म्हणजे चिडलेला, ब्रिटनमध्ये तो अजून वेडा या अर्थाकडे झुकतो. अमेरिकन माणूस ‘टिक्ड ऑफ’ असेल तर तो रागावलेला असतो. ब्रिटनमध्ये कोणी कोणाला ‘टिक ऑफ’ केले तर त्याला झापले, असा अर्थ होतो. ‘पिस्ड’ हा शब्द अमेरिकेत संतापलेल्यासाठी आणि ब्रिटनमध्ये झिंगलेल्यासाठी आहे, शिवाय तो दोन्हीकडे अशिष्टच आहे, म्हणून तो समजून घ्यावा आणि वापरू नये. ‘डिसगस्टेड’ हा शब्द आपण वैतागासाठी वापरतो, पण त्यात किळस असते. कुरिअर उशिरा आल्याची किळस येत नाही.

सहावी पायरी: तक्रार लिहिताना राग एकाच शब्दात ठेवा

लेखी तक्रारीत आधी तारीख, मग काय झाले, मग काय हवे आणि कधीपर्यंत हवे, हा क्रम सोडू नये. दुकानातून घेतलेला मिक्सर बिघडला आहे असे धरू. ‘आय बॉट अ मिक्सर फ्रॉम युअर शॉप ऑन द थर्ड ऑफ जून. इट स्टॉप्ड वर्किंग आफ्टर टू डेज. आय ॲम डिसअपॉइंटेड, ॲज आय हॅव ऑलरेडी व्हिजिटेड द शॉप ट्वाइस. प्लीज रिप्लेस इट बाय द ट्वेल्फ्थ.’ चार वाक्यांत काम झाले आणि भावनेचा शब्द एकच आला. ‘डिसअपॉइंटेड’, ‘डिससॅटिस्फाइड’ आणि ‘कन्सर्न्ड’ या तिघांपैकी एक पुरेसा असतो. ‘युअर सर्व्हिस इज व्हेरी वर्स्ट’ हे दोनदा चुकते, कारण ‘वर्स्ट’च्या आधी ‘व्हेरी’ बसत नाही आणि सेवेला नुसती नावे ठेवल्याने वाचणाऱ्याला काय करायचे ते कळत नाही. ‘काइंडली डू द नीडफुल’ हे वाक्यही त्याच कारणाने टाळावे. नेमके काय ‘नीडफुल’ आहे तेच लिहावे.

दुकानदाराने दाद दिली नाही तर २० जुलै २०२० पासून लागू असलेल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पुढे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. या कायद्याखाली तक्रार केली की आपण ‘कम्प्लेनंट’ म्हणजे तक्रारदार होतो. ‘कम्प्लेनर’ असे स्वतःला लिहू नये. तो सतत कुरकुर करणाऱ्याचा शब्द आहे.

सातवी पायरी: दुसऱ्याचा राग वाचायला शिका

इंग्रजांच्या लेखी भाषेत राग जितका मोठा तितका शब्द लहान, असा उलटा प्रकार बऱ्याचदा दिसतो. ‘अ बिट डिसअपॉइंटेड’मधल्या ‘अ बिट’वर विसंबू नये. ‘वुई आर सरप्राइज्ड टू नोट’ असे आले, तर त्यात आश्चर्य थोडे आणि नापसंती जास्त असते. ‘विथ रिस्पेक्ट’ने सुरू होणाऱ्या वाक्यात पुढे विरोधच येतो. असा ईमेल आला की त्यातली ‘अ बिट’, ‘सम्व्हॉट’, ‘नॉट एन्टायर्ली’ ही उशी काढून वाक्य पुन्हा वाचावे आणि त्या कोरड्या वाक्याला उत्तर द्यावे. उत्तरात ‘सॉरी फॉर द इन्कन्व्हिनिअन्स’ एवढ्यावर भागवू नये. काय बिघडले, का बिघडले आणि पुढच्या लॉटमध्ये काय बदलले आहे, ते सांगावे. तक्रारीला उत्तरात ‘युअर कन्सर्न’ म्हणावे, ‘युअर कम्प्लेंट’ म्हटले की दोन्ही बाजू ताठ होतात.

आमच्या त्या सुपरवायझरांनी ‘नॉट एन्टायर्ली हॅपी’ हे वाक्य पुढे आपल्या टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवले होते. वर्षभराने त्याच ग्राहकाने एका लॉटबद्दल ‘क्वाइट गुड’ असे लिहिले. ब्रिटिश वापरात त्याचा अर्थ बहुधा ‘ठीक आहे, बरा आहे’ इतकाच असतो, हे मला तोवर ठाऊक झाले होते. सुपरवायझरांनी मला शॉप फ्लोअरवरून बोलावून घेतले, ईमेल माझ्यापुढे धरला आणि आवाज खाली करून विचारले, ‘हे चांगलं म्हणतोय, का खवळलाय?’